स्लीव्हनंतर तीन वर्षांनी पोट पुन्हा ताणलं जातं का?

टेकडीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच.

वय ४१, राहायला कर्वेनगर. तीन वर्षांपूर्वी वजनासाठी स्लीव्हची शस्त्रक्रिया झाली, जठराचा मोठा भाग कापून काढतात ती. तेव्हा ११२ किलो होते, सोबत मधुमेह आणि दोन्ही गुडघे. सोळाव्या महिन्यात ७१ वर आले, सगळ्यांत कमी तेच. मग काटा ७२-७३ वर वर्षभर थांबला आणि गेल्या आठ-नऊ महिन्यांत हळूहळू ७९ झाला.

माझं माप म्हणजे घरातली आमटीची लहान वाटी. आईच्या भांड्यांतली, कडेला नाव घातलेली. ऑपरेशननंतर मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी त्या वाटीत घेऊन बसायचे, संपायला पाऊण तास लागायचा. सहा महिन्यांनी अर्धी वाटी वरणभात म्हणजे गच्च. एक घास जास्त झाला की छातीत धोंडा बसल्यासारखं व्हायचं, नाक वाहायला लागायचं, की मी ताट सरकवायचे. आता तीच वाटी भरून भाजी, दीड पोळी, वर ताक, आणि तरी आतून कुणी 'पुरे' म्हणत नाही.

परवा भाचीचं केळवण झालं. मसालेभात, अळूची भाजी, मठ्ठा, दोन जिलब्या आणि वर आग्रहाची तिसरी. सगळं गेलं, कुठं अडलं नाही. घरी येऊन रडले. एक जवळचं माणूस म्हणालंही, "एवढे पैसे घातले आणि पोट होतं तेवढंच परत झालं की."

तर प्रश्न सरळ आहे. पोट खरंच परत ताणलं जातं का? ताणलं असेल तर पुन्हा आवळता येतं का? आणि त्या एका जेवणानं मी काही बिघडवून ठेवलं का? ज्यांना तीन वर्षांहून जास्त झाली आहेत त्यांनी जरूर लिहा.

निगडीकर

ताई, आधी ते रडणं थांबवा. ११२ वरून ७९ म्हणजे ३३ किलो अजून खालीच आहात.

माझी बायपास, म्हणजे हृदयाची नव्हे, वजनासाठीची पोटाची, २०१६ सालची. ४८ किलो उतरले होते, त्यातले ११ परत आले. मला वाटायचं माझंच चुकलं, म्हणून दोन वर्षं डॉक्टरांकडे फिरकलोच नाही. शेवटी गेलो तेव्हा दुर्बिणीतून बघितलं. माझ्या बाबतीत पोटाची पिशवी फार मोठी झालेली नव्हती, पण पिशवी आणि आतडं जिथं जोडतात ते तोंड रुंद झालं होतं. अन्न पिशवीत थांबतच नव्हतं, गेलं की खाली. त्यामुळे भरल्यासारखं वाटायचं नाही आणि दोन तासांत परत भूक.

म्हणून सांगतो, आधी तपासून घ्या. अंदाजानं स्वतःला दोष देण्यात माझी दोन वर्षं फुकट गेली.

खडीसाखर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पोट हा फुगा आहे. भरत गेलं की मोठं होणारच. माझ्या मित्रानं केलं होतं, चार वर्षांत जसाच्या तसा. कापाकापी करण्यापेक्षा रोज पर्वती चढली असती तर फुकटात झालं असतं.

शिवणटाका

मी पोटाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. कुणाच्या केसवर इथं मत देणार नाही, पण फुग्याची उपमा दुरुस्त करायला हवी, कारण सगळी भीती तिच्यातूनच येते.

माणसाचं रिकामं जठर मुठीएवढं असतं आणि जेवताना एक लिटर किंवा त्याहून जास्त सहज सामावून घेतं. हे ताणणं नव्हे, सैल होणं आहे. घास यायला लागला की मज्जातंतूंच्या हुकमावरून वरचा घुमटासारखा भाग ढिला पडतो आणि जागा करून देतो. जेवण पुढं सरकलं की परत मिटतो. रोज होतं हे, तुमचं-माझं सगळ्यांचं.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि त्यात हा सैल पडणारा घुमटच जातो. मागं उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी, साधारण १०० ते १५० मिलीलिटरची. तिची भिंत जाड आणि स्नायू घट्ट, म्हणून थोड्या घासांतच आत दाब वाढतो आणि तुम्ही थांबता.

आता टेकडीवालींचा खरा प्रश्न. हो, ही नळी काळानुसार काही प्रमाणात रुंदावते. बहुतेकांची. सुरुवातीला तर शस्त्रक्रियेची सूज असते, ती उतरली की पहिल्या काही महिन्यांतच जास्त खाता येऊ लागतं. तिथून पुढं दोन-तीन वर्षांत क्षमता आणखी वाढते. हे अपेक्षित आहे, नाहीतर माणूस आयुष्यभर अर्ध्या वाटीवर जगणार कसा? पण नळी रुंद झाली म्हणून वजन वाढलं, असा सरळ हिशोब लागत नाही. नळी मोठी झालेली पण वजन टिकलेलं, आणि नळी तशीच पण वजन वाढलेलं, दोन्ही प्रकारचे रुग्ण असतात.

अपवाद एक. वरचा घुमट शस्त्रक्रियेत थोडा मागं राहिला असेल तर तो पुढं फुगू शकतो. ते बेरियमच्या एक्स-रेत किंवा दुर्बिणीत दिसतं.

बायपासचं निगडीकरांनी बरोबर लिहिलं. तिथं पिशवी साधारण ३० मिलीलिटरची असते आणि पिशवीबरोबर जोडाचं तोंडही महत्त्वाचं असतं.

केळवणाबद्दल : एका जेवणानं जठर कायमचं ताणलं जात नाही. त्या तीन जिलब्यांना एवढी ताकद नाही.

टेकडीवाली

शिवणटाका, शेवटची ओळ दोनदा वाचली. खूप आभार.

पण मग 'पुरे' हा आवाज का येत नाही? तो पूर्वी इतका स्पष्ट यायचा.

पालेभाजी

मी आहारतज्ज्ञ आहे, अशा रुग्णांबरोबर रोज काम करते. ताई, एक काम करा. तीन दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. पोळ्या लाटताना तोंडात टाकलेला गुळाचा खडा, मुलाच्या डब्यात उरलेला घास, चहाबरोबरचं बिस्किट. जेवणाची वेळ नाही, खाण्याची वेळ लिहा.

कारण असं आहे. स्लीव्हची नळी घन आणि चावून खायच्या पदार्थांना अडवते. मटकीची उसळ, पनीर, अंडं, चिकन, भाकरी. हे पोटात थांबतात, जागा धरतात. जे तोंडात विरघळतं ते तिथं थांबतच नाही. पातळ पोह्यांचा चिवडा, शेव, चहात बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, मऊ भात आणि पातळ वरण. आम्ही याला सरकणारं खाणं म्हणतो. घरी करून बघा. एक वाटी मटकीची उसळ जेमतेम संपेल. तीच वाटी चिवड्यानं तीनदा भरा, संध्याकाळच्या मालिकेत कधी संपली कळणार नाही. ज्या पोटानं उसळ अडवली तेच पोट आहे, ताणलं-बिणलं काही नाही.

जिलबीही त्यातलीच. म्हणून अडली नाही.

दुसरं पाणी. आपल्याकडे ताट वाढलं की शेजारी तांब्याभांडं आलंच, आणि वर ताक. घासाबरोबर पातळ गेलं की अन्न धुऊन खाली जातं आणि पोट रिकामं. जेवणाआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाणी नको. तुमचं ताक जेवणातून काढा, चार वाजता वेगळं प्या.

तिसरं, ताटातला क्रम. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर पोळी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, वाटीभर उसळ ७-८. शाकाहारी माणसाला हा आकडा गाठायला खरंच बेत करावा लागतो. दीड पोळीनं तो गाठला जात नाही, फक्त जागा जाते.

मुठाकाठ

+१ पालेभाजी. 'चिवडा तीनदा' वाचून शस्त्रक्रिया न झालेले आम्हीपण गप्प झालो. हातातला डबा आत्ताच बंद केला.

सहकारनगरचे आजोबा

वय ७३. मला कसलीही शस्त्रक्रिया झालेली नाही, तरी लिहितो.

आमच्या लहानपणी पंगतीत पान टाकलं तर वडील उठून उभे राहायचे. आई म्हणायची, शेतातल्या बाईचे हात आठव आणि मग टाक. सत्तर वर्षं मी ताटातली शितंही पुसून खाल्ली आणि घरच्या सगळ्यांना तेच शिकवलं. त्याचं वाईट वाटत नाही. पण मागच्या गणपतीत माझ्या पुतणीला, जिची अशीच शस्त्रक्रिया झाली आहे, मी स्वतः वाढून दुसरा मोदक घ्यायला लावला. वर तूप ओतलं. ती "काका, नको" म्हणत होती आणि मी हसत होतो. अर्ध्या तासानं ती न्हाणीघरात उलटी करत होती आणि बाहेर पाहुणे.

या धाग्यामुळे आज तिला फोन केला. म्हटलं, यापुढं आमच्याकडे तुझं ताट तू वाढून घ्यायचं आणि उरलं तर उरलं.

टेकडीवालीताई, केळवणाला तिसरी जिलबी वाढणारा हात माझ्यासारखाच कुणाचा तरी असणार. तुमच्या खात्यावर ती लिहू नका.

टेकडीवाली

आजोबा, डोळ्यांत पाणी आलं. मोठ्या मावशींचा हात होता तो.

खडीसाखर

आजोबा, नमस्कार. पण माझा मुद्दा तसाच राहिला. चालणं आणि खाणं सांभाळून होत नाही का? अख्खा अवयव कापायचा कशाला?

शिवणटाका

खडीसाखर, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

थोडं वजन असेल तर चालण्यानं आणि आहारानं होतं, आणि तेच करावं. पण ज्याचं वजन पन्नास किलोनं जास्त आहे त्याचं शरीर ते वजन राखायला धडपडतं. माणूस उपास करून २० किलो उतरवतो तेव्हा भूक वाढते आणि विश्रांतीत जळणारी ऊर्जा अपेक्षेपेक्षाही खाली येते. ही धडपड मनाच्या निर्धारानं थोडे महिने रोखता येते, दहा वर्षं रोखणारे फार थोडे. भुकेचं एक संप्रेरक आहे, घ्रेलिन. जपानी संशोधकांनी ते १९९९ मध्ये शोधलं. ते मुख्यतः त्याच वरच्या घुमटात तयार होतं, म्हणून स्लीव्हनंतर पहिलं वर्षभर भूकच लागत नाही असं रुग्ण सांगतात. ही शस्त्रक्रिया पोट लहान करण्यापुरती नसते ती अशी.

आणि टेकडीवाली, तुमच्या 'पुरे'चं उत्तर यातच आहे. पहिल्या दीड वर्षात आतला आवाज मोठा असतो. नंतर शरीर नव्या परिस्थितीला सरावतं, भूक काही अंशी परत येते. वजन १२ ते २४ महिन्यांच्या दरम्यान सगळ्यांत खाली जातं आणि तिथून थोडं वर येणं हा नियमच म्हणा. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेला एक मोठा अभ्यास आहे. त्यात बायपासवाल्यांचं वजन दहा वर्षांनी मूळ वजनाच्या २५ टक्के खाली स्थिरावलेलं दिसलं. पहिल्या-दुसऱ्या वर्षी ते त्याहून बरंच खाली गेलेलं होतं. म्हणजे वर आलं, पण मूळ जागी गेलं नाही. तुमचं ११२ वरून ७९ म्हणजे आजही जवळपास २९ टक्के खाली आहे.

वाय-जंक्शन

थोडं अवांतर. मित्राच्या चार वर्षांवरून सगळ्यांना तोलू नका हे खरंच, पण आपल्या लोकांना मुळात कमी वजनातही मधुमेह होतो हेही लक्षात घ्या. आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१. दिसायला दोघेही सडपातळ. म्हणून तर २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा उंबरठा बीएमआय २७.५ वर आणला आहे. 'जाडा दिसत नाही, मग कशाला' हा निकष आपल्याला चालत नाही.

खडीसाखर

हे माहीत नव्हतं. मित्रालाही परत डॉक्टरांकडे जा म्हणून सांगतो. मूळ प्रतिसादातला 'फुकटात' हा शब्द मागं घेतो.

रोपवाटिका

पाच दिवस फक्त पातळ घेऊन पोट पुन्हा लहान करता येतं असं एका व्हिडिओत पाहिलं. कुणी केलंय? मी उद्यापासून सुरू करणार होते. माझी स्लीव्ह, दीड वर्ष झालं.

पालेभाजी

नका करू, निदान त्या आशेनं तरी. पातळ पिऊन जठर आक्रसत नाही. पाच दिवसांत जे दोन किलो उतरतात ते बहुतेक पाणी असतं आणि सहाव्या दिवशी भूक दुप्पट लागते. त्यातून प्रथिनं कमी पडली तर गोष्ट वेगळीच. दीड वर्षात काय अडचण वाटते ते वेगळ्या धाग्यात लिहा, बघू.

आंबटचुका

माझा प्रश्न पोट ताणण्याचा नाही, पण धागा वाचणाऱ्या स्लीव्हवाल्यांसाठी लिहिते. मला चौथ्या वर्षी रात्री आडवं पडलं की घशाशी आंबट यायला लागलं. उशा दोन झाल्या, तीन झाल्या, शेवटी खुर्चीत झोपायला लागले. मला वाटलं जास्त खाण्याची शिक्षा. दुर्बिणीत अन्ननलिकेला सूज निघाली आणि गेल्या वर्षी स्लीव्हचं बायपासमध्ये रूपांतर करून घेतलं. आता एका उशीवर झोपते. ते सुख सांगता येत नाही.

शिवणटाका, हे किती जणांना होतं?

शिवणटाका

स्लीव्हनंतर नळीतला दाब जास्त असतो म्हणून आम्ल वर येणं वाढतं. फिनलंडमधल्या दहा वर्षांच्या तुलनेत अन्ननलिकेची सूज स्लीव्हनंतर ३१ टक्के आणि बायपासनंतर ७ टक्के लोकांत आढळली. आधीपासून जळजळ असणाऱ्यांनी शस्त्रक्रिया निवडताना हे बोलून घ्यायलाच हवं. आणि स्लीव्ह झालेल्यांनी काही त्रास नसला तरी काही वर्षांनी एकदा दुर्बीण करून घ्यावी.

सकाळची पीएमटी

मला एक तक्रार मांडायची आहे, रुग्णालयाचं नाव घेत नाही. माझ्या वेळी पॅकेजमध्ये वर्षभराचं फॉलोअप होतं. तेरावा महिना लागला आणि फोन बंद. तोवर आहारतज्ज्ञ दर पंधरा दिवसांनी विचारायची, केस गळतात का, गोळ्या घेता का. नंतर कुणी नाही. मीही गोळ्या सोडल्या. चौथ्या वर्षी पायांत मुंग्या, चालताना जमीन कापसाची वाटायला लागली. बी१२ तळाला. न्यूरॉलॉजिस्टकडून उमगलं. इंजेक्शनं घेऊन बरंचसं भरून आलं, डाव्या अंगठ्याची जाणीव अजून अर्धीच आहे.

ताई, तुम्ही वजनाचं लिहिलंत. रक्ततपासणी शेवटची कधी?

टेकडीवाली

खरं सांगते, दीड वर्ष झालं. गोळ्या संपल्या त्या परत आणल्याच नाहीत.

पालेभाजी

या आठवड्यात करा. बी१२, ड जीवनसत्त्व, फेरिटिनसह (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) लोहाचं सगळं, कॅल्शियम, साखर. गोळ्या आयुष्यभराच्या असतात, वजन वाढो वा कमी होवो. शरीराच्या साठ्यावर बी१२ काही वर्षं भागतं, म्हणून लोक फसतात. शाकाहारी असाल तर आणखीच लवकर. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर. आणि लोहाच्या गोळीवर लगेच चहा नको, पुणेकरांना हे जड जातं, तरी.

निगडीकर

माझं अर्धवट राहिलं होतं. जोडाचं तोंड रुंद झालं होतं ना, ते २०२२ मध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून आतून टाके घालून अरुंद केलं. पोटावर चिरा नाही, दुसऱ्या दिवशी घरी. सहा किलो उतरले. पण खरा फरक त्यानंतर पडला, कारण दर तीन महिन्यांनी जायला लागलो. माझा संध्याकाळचा फरसाणाचा पुडा कुणी टाके घालून बंद केला नव्हता. तो मला बंद करावा लागला.

मुठाकाठ

ती वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आली आहेत ना, आठवड्याला एक. टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं. शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनाला चालतात का?

शिवणटाका

चालतात आणि वापरतोही. भूक परत आलेल्या रुग्णांना बरा उपयोग होतो. पण आधी नळी, रक्त आणि खाणं तपासून मग. ज्याचा आहार आधीच कमी प्रथिनांचा आहे त्याला भूक मारणारं औषध दिलं तर वजनाबरोबर स्नायूही जातात. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून टोचू नका, एवढी विनंती.

तळजाईचा मोर

पोट ताणलं की नाही ते डॉक्टर सांगतील, धागा मात्र छान ताणला गेलाय. चालणाऱ्यांसाठी : तळजाईवर पहाटे मोरांचा आवाज फुकट आहे. निगडीकर तिथं रविवारी येतात हे मला माहीत आहे.

निगडीकर

येतो. थेट निगडीवरून. बायको म्हणते पेट्रोलमध्येच वजन उतरतं.

टेकडीवाली

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांनी विचारलं म्हणून सविस्तर.

आधी वही. पहिल्या दिवशी मी प्रामाणिकपणे लिहिलं आणि संध्याकाळी वाचून बघितलं तेव्हा धक्का बसला. जेवणं तीन, पण नोंदी एकोणीस. घरून काम करते, टेबलाच्या उजव्या हाताला स्टीलचा डबा असतो. एका दिवसात त्या डब्याकडे सहा वेळा हात गेला होता, दोन वेळा तर मीटिंग चालू असताना. भूक एकदाही नव्हती. चहा चार, प्रत्येकाबरोबर दोन बिस्किटं, बुडवून. प्रथिनं मोजली तर ३४ ग्रॅम.

मग पालेभाजींची परीक्षा केली. आईची ती वाटी घेतली, काठोकाठ मटकीची उसळ, वर काही नाही, पाणी नाही, ताक नाही. सावकाश चावून. वाटीत तळाला दोन चमचे उरले असताना नाक वाहायला लागलं. खोटं नाही सांगत, मी चमचा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच बसून राहिले. तो आवाज आहे. अडीच वर्षांपूर्वी होता तितका मोठा नाही, अर्ध्या वाटीवर नाही, जवळजवळ एका वाटीवर आहे. पण आहे. मी त्याला वर ताक ओतून गप्प करत होते.

बेरियमही केलं. खडूसारखं पांढरं पाणी घोट घोट प्यायचं आणि समोर पडद्यावर ते खाली उतरताना दिसतं. एका अरुंद ओढ्यासारखं. डॉक्टरांनी पेनानं दाखवलं : मधे थोडी रुंदी आली आहे, तीन वर्षांनी अपेक्षित असते तेवढी. वरचा घुमट मागं राहिलेला नाही. दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज नाही. मी विचारलं, "म्हणजे ताणलं नाही?" ते म्हणाले, "थोडं वाढलंय. सहा किलो वाढायला पुरेल इतकं नाही." वजन आठ किलोंनी वाढलंय हे मीच दुरुस्त करून सांगितलं, तेव्हा हसले.

बी१२ कमी, ड कमी, फेरिटिन बरंच कमी. संध्याकाळी जो थकवा यायचा, ज्यासाठी मी चहा-बिस्किट घ्यायचे, त्याचं कारण तिथं असू शकतं म्हणाले. गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू. भूक कमी करणाऱ्या औषधाचं तीन महिन्यांनी बघू म्हणाले, आधी हे.

डबा टेबलावरून उचलून वरच्या फडताळात ठेवलाय. स्टूल लागतं. वजन ७७.६.

भीती गेली नाही. रात्री कधी जास्त झालं की पोटावर हात ठेवून बघते. पण मोठ्या मावशींना फोन करून सगळं सांगितलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मला वाटलं तू लाजतेस म्हणून घेत नाहीस." लग्नात माझ्या ताटापाशी त्या स्वतः उभ्या राहणार आहेत, कुणी वाढायला आलं की हात आडवा घालायला.

सहकारनगरचे आजोबा

तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

सकाळची पीएमटी

लोहाचं इंजेक्शन शिरेतून घेत असाल तर घाई करू नका, हळू चढवायला सांगा. आणि पुढची तपासणी आत्ताच कॅलेंडरवर लिहा. रुग्णालयानं फोन करायची वाट बघू नका.

रोपवाटिका

ते पाच दिवसांचं पातळ मी केलं नाही. वही सुरू केली. माझ्या नोंदी बावीस निघाल्या ताई.

टेकडीवाली

रोपवाटिका, एकमेकींना वही दाखवू या का रोज रात्री? व्यक्तिगत निरोप करते.

निगडीकर

या रविवारी तळजाईला या दोघी. सहा वाजता, सदू शिंदे मैदानाच्या फाटकापाशी. उकडलेली अंडी मी आणतो.

टेकडीवाली

येते. सहा म्हणजे सहाच ना? आणि अंडी दोनच आणा, माझी वाटी मी घेऊन येते.